स्थलांतरितांच्या घरातले डबे, बाटल्या, पाकिटं: फोटो कसे काढायचे

पहिलंच सांगते, पाकीट छान दिसतंय म्हणून फोटो काढायला गेलात तर फसाल. छान पाकिटाचा छान फोटो कंपनीने आधीच काढून ठेवलेला असतो, आपल्यापेक्षा दसपट पैसे ओतून. आपल्याला बघायचंय ते पाकीट घरात आल्यावर त्याचं काय झालं ते. देश सोडून दुसरीकडे जाऊन राहिलेल्या माणसांच्या स्वैपाकघरात एखादा तरी डबा असा सापडतोच की ज्यातला माल कधीच संपलाय, आत आता भलतंच काहीतरी आहे, लेबल अर्धं उडालंय, झाकण नीट बसत नाही, पण टाकून द्या म्हटलं की लगेच "असू दे असू दे" होतं. ते "असू दे" ज्या फोटोत दिसेल तो फोटो आपल्याला हवाय.

डॅनिश बटर कुकीजचा निळा गोल पत्र्याचा डबा आठवा. बिस्किटांच्या आशेने उघडला आणि आत सुया-दोरे-बटणं निघाली, हा जोक कितीतरी देशातली माणसं आपापल्या भाषेत करतात आणि प्रत्येकाला वाटतं हे फक्त आमच्याच घरी होतं. आता या डब्याचा वरून, स्वच्छ, पांढऱ्या बॅकग्राउंडवर फोटो काढला तर ती जाहिरात झाली. तोच डबा उघडा ठेवून, झाकणाच्या कडेला जिथे वर्षानुवर्ष अंगठा लागून निळा रंग गेलाय आणि खालचा पत्रा दिसतोय, तिथे फोकस केला की गोष्ट सुरू होते.

वस्तू निवडताना एक वाईट सवय आधी सोडा, जुनं म्हणजे भारी ही. बाजारातून विंटेज डबे विकत आणून मांडले की फोटो देखणे येतात आणि पोकळ येतात, कारण त्या डब्याची गोष्ट सांगायला कोणी नसतं. त्यापेक्षा कालपरवाची प्लास्टिकची बाटली चालेल, पण ती कोणाची तरी पाहिजे. रॉबर्ट ओपी नावाचे एक ब्रिटिश संग्राहक आहेत, लंडनचं म्युझियम ऑफ ब्रँड्स त्यांच्याच संग्रहातून उभं राहिलं, त्यांनी १९६३ मध्ये सोळाव्या वर्षी सुरुवात केली ती मंचीज नावाच्या चॉकलेटच्या रिकाम्या वेष्टनापासून, जे त्यांनी स्वतः नुकतंच खाल्लं होतं. म्हणजे काहीही दुर्मिळ नाही, खाल्लं आणि कागद टाकला नाही एवढंच. तुमची सुरुवातही अशीच असू दे.

कॅमेरा काढायच्या आधी बसून बोला. आणि "या डब्याबद्दल तुम्हाला काय वाटतं" असले प्रश्न विचारू नका, त्याला सगळे "छान वाटतं, आठवणी आहेत" एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. सरळ साधं विचारा: हा कोणी आणला, बॅगेतून आणला की इथल्या दुकानातून घेतला, पहिल्यांदा आत काय होतं, आता काय आहे, कुठल्या फळीवर असतो, त्याला हात कोण लावतं, टाकून द्यायचं कधी ठरलं होतं का आणि मग का राहिला. हे विचारलं की माणूस उठून डबा हातात घेतो, उघडून दाखवतो, आणि तो जसा धरतो ना, तेच बघून ठेवायचं, कारण फोटोचा अँगल तिथेच मिळतो. मी फोनवर आवाज रेकॉर्ड करते, अर्थात विचारूनच, कारण लिहून घेतलं तर वाक्य माझं होतं आणि त्यांचं राहत नाही.

मग पाकीट वाचायला शिका, यात मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा येते. लेबलावर मागच्या बाजूला इतकं काही असतं की पुढचं चित्र विसराल. देशांची नावं बघा. "मेड इन वेस्ट जर्मनी" असेल तर डबा १९९० च्या आधीचा. बर्मा, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया अशी नावं सापडली तर जपून ठेवा, देश गेला किंवा नाव बदललं पण डब्यावर अजून आहे. यात एक गोम अशी की श्रीलंकेने १९७२ मध्ये नाव बदललं तरी चहाच्या डब्यावर "सिलोन" आजही छापतात, तेव्हा एका शब्दावरून वय ठरवायला जाऊ नका. बारकोड नसेल तर डबा बहुतेक जुना, कारण दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावात, च्युइंगमच्या पाकिटावर. बारकोडचे सुरुवातीचे आकडेही बोलतात, ८९० म्हणजे भारत, ८८५ थायलंड, ८९३ व्हिएतनाम, ५० ब्रिटन. फक्त त्याचा अर्थ माल तिथे बनला असा नाही, कंपनीने नंबर तिथे घेतला एवढाच, आणि बरेच जण इथेच घोटाळा करून कॅप्शनमध्ये चुकीचा देश टाकतात.

पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे स्टिकर. माल एका देशातून दुसऱ्या देशात गेला की तिथल्या नियमाप्रमाणे तिथल्या भाषेत घटक, पत्ता वगैरे द्यावं लागतं, मग आयात करणारा एक पांढरा स्टिकर छापतो आणि चिकटवतो, आणि तो नेमका मूळ मजकुरावरच बसतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर १९९४ पासून पोषणाचा चौकोनी तक्ता पाकिटांवर सक्तीचा झाला, तिथल्या आयात मालावर हा चौकोन कितीदा तरी वरून चिकटवलेला दिसतो. खाली आईची भाषा, वर ऑफिसची भाषा, आणि स्टिकरचा एक कोपरा सुटलेला ज्यातून खालची दोन अक्षरं डोकावतायत. मला विचाराल तर या अख्ख्या विषयाचा सगळ्यात चांगला फोटो तो कोपरा आहे. तो जवळून काढा, मॅक्रो लेन्स असेल तर उत्तमच, आणि कितीही मोह झाला तरी स्टिकर ओढून खालचं बघू नका, तो झाकलेलाच पाहिजे.

काही बाटल्यांवर तर स्थलांतराची अख्खी गोष्ट छापलेली असते आणि रोज वापरणाऱ्यालाही पत्ता नसतो. कोंबड्याचं चित्र आणि हिरवं टोपण असलेली लाल सॉसची बाटली घ्या, हुय फाँग कंपनीचा श्रीराचा हा तिखट सॉस. कंपनी काढणारे डेव्हिड ट्रॅन व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून ज्या मालवाहू जहाजातून निघाले त्याचं नाव हुए फाँग, त्यावरून १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काढलेल्या कंपनीचं नाव, आणि कोंबडा त्यांच्या जन्मवर्षाचा, चिनी राशीप्रमाणे. म्हणजे जहाज आणि जन्मसाल दोन्ही बाटलीवर. ब्रिटनमधल्या पटाक्स या लोणची-मसाल्यांच्या ब्रँडचं उलटं, केनियातून आलेल्या पाठक कुटुंबाने तिथल्या लोकांना उच्चारता यावं म्हणून नावातला एक "एच" काढून टाकला. गाळलेल्या अक्षराचा फोटो कसा काढणार? मला अजून नीट जमलेला नाही, पण आडनाव लिहिलेलं जुनं पत्राचं पाकीट आणि बरणीचं लेबल शेजारी ठेवून दोन फोटोंची जोडी करता येईल असं डोक्यात आहे.

आता माझा गाढवपणा सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. एका आजींचा चहाचा पत्र्याचा डबा मी फोटोसाठी घरी आणला होता. त्यावर कागदी चिकटपट्ट्या, एकावर एक तीन, प्रत्येकीवर त्यांच्या भाषेत आत काय आहे ते लिहिलेलं, सगळ्यात खालची पिवळी पडलेली, वरची जरा नवी. डबा तेलकट होता म्हणून मी शहाणीने ओल्या फडक्याने पुसला. वरच्या पट्टीवरचं अक्षर स्केचपेनचं होतं, शाई फुटली, सगळं जांभळं जांभळं झालं. मला रडूच यायचं बाकी होतं. तर नियम असा: पुसायचं नाही. तेल, पीठ, गंज, बोटांचे ठसे हा फोटोचा विषय आहे, कचरा नाही. फारच धूळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने वरवर, बस्स. रबरबँड जुना असेल तर त्याला हात लावू नका, तो तुटतो किंवा प्लास्टिकला चिकटून बसलेला असतो. आणि वस्तू हातात आली की सगळ्यात आधी फोनवर सहाही बाजूंनी भराभर फोटो काढून ठेवा, नंतर काय होईल सांगता येत नाही.

कॅमेऱ्याबद्दल फार डोकं लावू नका. फोन चालतो, फक्त जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, डबा पोट सुटल्यासारखा दिसतो, त्यापेक्षा जरा मागे सरका आणि दुप्पट झूमवाली लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११, दोन सेकंदांचा टायमर. एफ १६ च्या पुढे गेलात की सगळं फोकसमध्ये येतं पण एकूण शार्पनेस उतरतो, तेव्हा खूपच खोली हवी असेल तर फोकस सरकवत पाचसहा फ्रेम घेऊन नंतर जोडा.

खरा त्रास प्रकाशाचा. पाकिटं चमकतात, आणि चमकण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत हे कळेपर्यंत माझा एक महिना गेला. प्लास्टिक, काच, वार्निश मारलेला कागद यांची चमक पोलरायझर फिल्टरने मारता येते, फिल्टर फिरवत राहायचं आणि पृष्ठभागाकडे साधारण ३५ अंशात तिरकं बघायचं, एका जागी चमक गायब होते. पत्रा आणि ॲल्युमिनियमची फॉइल मात्र ऐकत नाही. धातूवरची चमक साध्या पोलरायझरने जात नाही, कितीही फिरवा. तिथे उलटा विचार करायचा, चमक घालवायची नाही तर चमकेत काय दिसावं ते आपण ठरवायचं. फॉइल म्हणजे आरसा, तो समोर जे असेल ते दाखवणार, तर त्याच्या समोर मोठा पांढरा कागद नाहीतर खिडकीवर ताणलेला बटर पेपर ठेवा, फॉइल मऊ चंदेरी दिसेल, आणि एका कडेला काळं कार्डबोर्ड उभं केलं की कडा उठून येईल. एवढ्या दोन गोष्टींत ऐंशी टक्के काम होतं.

अजून एक रस्ता आहे, दिव्यावरच पोलरायझर फिल्म लावायची आणि लेन्सवर फिल्टर लावून तो दिव्यावरच्या फिल्मला काटकोनात येईपर्यंत फिरवायचा. मग पत्र्याचीही चमक मरते, पण प्रकाश खूप कमी होतो, एक्स्पोजर लांबतं, आणि गंमत म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमध्ये इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसायला लागतात कारण ते ताणून बनवलेलं असतं आणि तो ताण रंगात दिसतो. लेबल स्वच्छ वाचता यावं म्हणून हे करायला गेलात तर हे पट्टे डोक्याला ताप, पण एखाद्या रिकाम्या पिशवीचा फोटो मुद्दाम असा काढून बघा. मी काढलेत, अगदीच वाईट नाहीत. जरा शो ऑफ आहे हे मान्य.

आठवण म्हणून जे बघायचंय ते बहुतेकदा घड्यांमध्ये, पोचे आलेल्या जागी, ओरखड्यांत असतं, आणि ते समोरून फ्लॅश मारला की सपाट होऊन जातं. त्याला प्रकाश बाजूने पाहिजे, अगदी खालून, टेबलाला जवळजवळ चिकटून, दहा-पंधरा अंश. संध्याकाळचं तिरपं ऊन आलं तर दिवाही नको. त्या आजींच्या डब्यावरच्या तीन पट्ट्या मी अशाच काढल्या, समोरून त्या एक मळका चौकोन दिसत होत्या, बाजूने टॉर्च धरला तर पायऱ्या दिसल्या, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि तळातल्या पट्टीवर पेन दाबून लिहिल्याचा खळगासुद्धा वरपर्यंत उमटलेला. तोपर्यंत मला पट्ट्या दोनच वाटत होत्या.

चपटी गोष्ट, म्हणजे रॅपर, उलगडलेला खोका, लेबल, यासाठी स्कॅनर कॅमेऱ्यापेक्षा बरा. ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) १० सेंटीमीटरचं लेबल स्कॅन केलं की २,३६२ पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने छापलं तर दुप्पट, २० सेंटीमीटर. अजून मोठं हवं तर १२०० वर करा. स्वस्त, पातळ स्कॅनर असतात ते काचेला टेकलेलंच तेवढं शार्प देतात, चुरगळलेला कागद त्यात भुरकट येतो, जुना जाडजूड, सीसीडी सेन्सरवाला स्कॅनर मिळाला तर घडीचा उंचवटाही पकडतो. छापील चित्राच्या ठिपक्यांमुळे कधी जाळीदार नक्षी उठते, कागद थोडा तिरका ठेवून आणि डीपीआय वाढवून बघा. स्कॅनरचं झाकण उघडं ठेवून खोलीत अंधार केलात तर बॅकग्राउंड काळंभोर येतं, फुकटात.

रंगाच्या बाबतीत माझं ठाम मत आहे, भांडायला तयार आहे. उन्हात राहिलेल्या पाकिटावरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो, म्हणून खिडकीतल्या सगळ्या जुन्या पाकिटांना एक निळसर आजारी कळा येते. सॉफ्टवेअरमध्ये तो लाल परत आणू नका. तो किती वर्षं खिडकीत होता तेच त्या रंगात आहे. फोटोचा रंग बरोबर पाहिजे, पण बरोबर म्हणजे आज वस्तू जशी आहे तशी: पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) ठेवा, त्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची जुळणी, सेट करा, एकाच प्रकारचा दिवा वापरा, खिडकीचं ऊन आणि पिवळा बल्ब एकत्र नको. आणि तो जुनाट सेपिया फिल्टर, कृपा करून नको. आठवण म्हणजे सेपिया हे कोणी ठरवलं काय माहीत.

एक फोटो काढून थांबू नका, या विषयाला मालिका लागते. इथे बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याकडून शिकण्यासारखं आहे, त्यांनी १९५९ पासून कित्येक वर्षं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे असे फोटो काढले, सगळे ब्लॅक अँड व्हाइट, ढगाळ आकाश, तोच अँगल, आणि जाळीत एकाशेजारी एक मांडले. १९९० मध्ये व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचं बक्षीस मिळालं, फोटोंना शिल्पकलेचं! अट सारखी ठेवली की फरक आपोआप ओरडायला लागतो. तसंच करा, एकाच कंपनीचा एकच डबा नऊ घरांतून, कॅमेऱ्याची उंची तीच, अंतर तेच (जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा), बॅकग्राउंड राखाडी. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं शेजारी शेजारी लावली, तिथे चवीचं नाव सोडलं तर सगळे डबे एकसारखे आहेत यात मजा होती. आपली मजा बरोबर उलटी, कारखान्यातून एकसारखे निघालेले नऊ डबे आणि नऊही वेगळे झालेले.

पण सगळंच जाळीत कोंबू नका. प्रत्येक वस्तूचे निदान तीन फोटो घ्या: एक असा सपाट, ओळखपरेडीसारखा, एक जवळचा, आणि एक त्याच्या फळीवर, त्याच्या जागी, शेजारी जे काही असेल त्यासकट. तिसरा फोटो घाईत राहून जातो आणि नंतर त्याचाच पश्चात्ताप होतो, कारण डबा परत दिला की ती फळी आपल्याला परत दिसत नाही. हात घ्यायचे असतील तर घ्या, चेहरे शक्यतो नको असं मला वाटतं, चेहरा आला की बघणारा डबा सोडतो.

कॅप्शन लहान ठेवा. आत आधी काय होतं, आता काय आहे, कोणत्या साली कुठून कुठे आला, आणि त्या माणसाचं एक वाक्य त्याच्याच भाषेत, खाली तुमचं भाषांतर. "विस्थापनाच्या वेदनेचा मूक साक्षीदार" वगैरे लिहाल तर मी तरी पुढे वाचणार नाही. कित्येकदा कारण एकदम साधं असतं, झाकण घट्ट बसतं म्हणून ठेवला, आणि तेच लिहायचं.

छापताना आकार ठरवणं हा अर्धा निर्णय आहे. वस्तूएवढाच, एकास एक छापला तर माणूस जवळ येतो, हातात घेतल्यासारखा बघतो. स्टिकरचा कोपरा मात्र मोठा, मीटरभर करा, कागदाचे धागे दिसू देत. मॅट कॉटन कागद आणि पिगमेंट शाई घ्या, ग्लॉसीवर पुन्हा चमक येते आणि आपण इतका वेळ चमकेशीच मारामारी केलेली असते.

परवानगीचं थोडक्यात: मालकाला फोटो कुठे दिसणार ते आधी सांगा आणि दोन ओळी लिहून घ्या. लेबलावर किंवा पार्सलवर घरचा पत्ता, फोन नंबर असेल तर झाका. ब्रँड दिसतोय म्हणून प्रदर्शनाला घाबरायचं कारण सहसा नसतं, पण तोच फोटो मगवर, टीशर्टवर छापून विकायचा असेल तर आधी वकिलाला विचारा, ट्रेडमार्कचा मामला वेगळा असतो.

वस्तू स्वतःकडे ठेवू नका, भेट दिली तरी. परत द्या, सोबत एक छोटी प्रिंट द्या आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन बघा, तारीख टाकून परत फोटो काढा. मी आजींचा डबा फुटलेल्या शाईसकट परत केला, माफी मागितली, त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी गेले तर जांभळ्या डागावर चौथी पट्टी चिकटवलेली होती, बॉलपेनने लिहिलेली, आणि आत चहा नव्हता, औषधं होती.